उरलेलं वाक्य

आमचे भाऊजी गादीवाले. सगळ्या वस्तीच्या झोपेची सोय ते करायचे, आणि झोप मात्र वस्तीत कुणालाच नव्हती. विमानतळाची धावपट्टी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पण हाक मारून उपयोग काय, ऐकू कुणाला येणार?

म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. विमान आलं की बोलणाऱ्याने तळहात वर करायचा आणि गप्प बसायचं. ते गेलं की हात खाली, आणि जिथे तुटलं तिथून वाक्य पुढे. भांडणंसुद्धा आम्ही अशीच केली. अर्धी शिवी तोंडात धरून दोघी जणी एकमेकींकडे बघत उभ्या!

माझ्या ताईला घशाचा आजार झाला आणि तिचा आवाज गेला. गेला म्हणजे कुजबुजण्यापुरता उरला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता फार दिवस नाहीत. भाऊजी जन्माचे मुखदुर्बळ. गिऱ्हाइकाशी भाव करतानाही कापसाकडे बघून बोलायचे. पण ते विमानतळाच्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. "मला बायकोचं बोलणं ऐकायचंय," एवढंच म्हणाले.

धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीशी आमचं विळ्या-भोपळ्याएवढं सख्य. विमानं तिकडून उडाली तर आम्हाला सुख, इकडून उडाली तर त्यांना. भाऊजी त्यांच्याकडे गेले, बोलणी खाल्ली, पुन्हा गेले. अखेर दोन्ही वस्त्या आणि विमानतळवाले एका टेबलाशी बसले आणि ठरलं: वारा आडवा आला नाही तर एक आठवडा विमानं आमच्यावरून, एक त्यांच्यावरून.

आमच्या पहिल्या शांत आठवड्यात भाऊजींनी दुकान उघडलंच नाही. ताई उशीला टेकून बोलायची, ते ऐकायचे. बोलायची तरी काय? कुंडीला पाणी घातलंत का, दूध नासलं वाटतं, तुमचा सदरा खांद्यात उसवलाय. मी म्हटलं, "अगं, एवढा आटापिटा केला त्यांनी, काहीतरी गोड बोल की!"

"बोलेन सावकाश," ती म्हणाली.

पुढचा शांत आठवडा तोंडावर आला आणि पलीकडच्या शाळेच्या बाई दारात हजर. मुलांच्या परीक्षा आहेत, तेवढा आठवडा आम्हाला द्याल का? मला त्यांना तिथूनच वाटेला लावावंसं वाटलं. भाऊजी ताईकडे बघत राहिले. तीच कुजबुजली, "देऊन टाका. आपण मागितलं तेव्हा त्यांनी दिलं ना?"

देऊन टाकलेल्या त्याच आठवड्यात, एका दुपारी, ताईने भाऊजींना खुणेने जवळ बोलावलं. "अहो," ती म्हणाली, "एवढी वर्षं मी तुम्हाला..." आणि तिने तळहात वर केला. विमान आलं. भाऊजी थांबले, मीही थांबले. विमान गेलं. तिचा हात खाली आला, गादीवर, आणि वाक्य पुढे गेलं नाही.

मी त्या बाईंना, त्या परीक्षेला, सगळ्यांना लाखोली वाहिली. पुढे ठरल्याप्रमाणे विमानं पलीकडे गेली. ताईच्या रिकाम्या गादीशेजारी भाऊजी बसून होते. मी ताट घेऊन गेले.

"भाऊजी, दोन घास खाऊन घ्या."

त्यांनी तळहात वर केला. आभाळात काहीच नव्हतं.

"थांब," ते म्हणाले, "तिचं बोलून व्हायचंय."