फॉक्सग्लव्ह आणि समोरच्या घरचं तीर्थ

मुलांनो, तुम्ही आणून दिलेल्या बियांच्या पाकिटावर लिहिलं होतं की हे फॉक्सग्लव्हचं झाड पाच महिने फुलतं. ज्याने ते लिहिलं त्याने आमच्या वरठीचं मार्चमधलं ऊन पाहिलेलं नाही. तरी मी पोळ्यानंतर ओसरीच्या सावलीत बी टाकलं आणि दिवाळी झाल्यावर रोपं कुंपणालगतच्या वाफ्यात दोरी धरून, सारख्या अंतरावर लावली. प्रत्येक रोपाशी एक पट्टी खोचली. तिच्यावर नाव, पेरणीची तारीख आणि खाली 'विषारी', सगळं इंग्रजीत.

समोरच्या घरातले आजोबा तुम्हाला आठवत असतील. कारखान्यातून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण उठतात अजून पहिल्या पाळीच्या वेळेला. त्यांनी रोपांची लव असलेली मोठी पानं पाहिली आणि मॅडमनी तंबाखू लावली असं गल्लीभर सांगून टाकलं.

या गृहस्थांची भक्ती पहाटे सुरू होते आणि दुसऱ्यांच्या कुंपणावर चालते. हातात कापडी पिशवी, कात्री आणि तारेची आकडी लावलेली काठी. स्वतःच्या अंगणात तुळशीखेरीज काही नाही. पाचोळा झाडावा लागू नये म्हणून सगळीकडे फरशी घातली आहे. मी एकदा हटकलं तेव्हा म्हणाले की देवाच्या फुलाला मालक नसतो. खरं आहे. पाणी घालणारी तेवढी लागते.

जानेवारीच्या शेवटी दांडे कमरेएवढे झाले. जांभळ्या घंटा, आत गडद ठिपके. हे फूल मी शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात पाहिलं होतं, त्यानंतर थेट माझ्याच वाफ्यात. तुम्हाला फोटो पाठवायचा म्हणून सकाळी चष्मा लावून बाहेर गेले, तर कुंपणाकडचे चार दांडे कात्रीने कापून नेलेले.

मला राग आधी फुलांसाठी आला, हे कबूल करते. तीर्थ आठवलं ते चहा गाळताना. त्या घरी पूजा झाली की तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात तुळस आणि देवावरचं एखादं फूल टाकतात, आणि घरातला प्रत्येक जण ते पाणी पळीभर पितो. हे झाड हृदयाचे ठोके बिघडवतं. मी चहा तसाच टाकून घरातल्या चपलांवर रस्ता ओलांडला.

आरती नुकतीच संपली होती. आजींनी मला पाहिलं आणि पाहुणीला पहिला मान म्हणून पळी माझ्यापुढे धरली.

"घ्या ना मॅडम, तीर्थ."

भांड्यात एक जांभळी घंटा उलटी तरंगत होती. मी हात मागे घेतला. त्या घरात तीर्थ नाकारणारी मी पहिलीच असेन. कुणी प्यायलं का, ते आधी विचारलं. कुणीच नाही. मग सांगितलं की हे फूल विषारी आहे, पाणी फेकून द्या.

आजोबांना वाटलं मी फुलांसाठी भांडायला आले. आजींना तसं वाटलं नाही. त्यांनी पाणी तुळशीत न ओतता मोरीत ओतलं, भांडं दोनदा घासलं.

"विषारी आहे, अन् कुंपनाले लावलं? कायले?" आजोबा म्हणाले.

मी म्हटलं, प्रत्येक झाडाशी पट्टी आहे.

"इंग्रजीत. आमी फुलं तोडाले येतो मॅडम, पेपर सोडवाले नाही."

फुकटच्या फुलांवर पुण्य जमवणाऱ्या माणसाने मला शिकवावं, आणि ते बरोबर असावं! त्याच दिवशी लाल रंगात मराठी पाटी लिहिली: विषारी. हात लावू नये. आजोबांनी संध्याकाळपर्यंत झाडं उपटा असं सुनावलं होतं. मी उपटली नाहीत.

पुढची गोष्ट फक्त तुमच्यासाठी. आतल्या बाजूचे दांडे, जिथे त्यांचा हात पोचला नव्हता, फेब्रुवारीतच बी धरून वाळले. कापलेल्या चार झाडांना मात्र बाजूने नवे दांडे फुटले आणि ते होळीपर्यंत फुलले. मी पाकीट काढून पुन्हा वाचलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलंच होतं की पहिला दांडा वेळेवर कापावा. इंग्रजीतच होतं, आणि मी वाचलं नव्हतं.

होळीच्या आदल्या दिवशी आजोबा रिकामी पिशवी घेऊन पाटीसमोर उभे होते.

"अजून फुलूनच राहिलं काय हे?"

मी हो म्हटलं. का, ते त्यांना सांगणार नाही.