पेटी नसलेलं फाटक

दोनदा हॉर्न वाजवायचा, मग मनात पाचापर्यंत मोजायचं. तेवढ्यात कुठून तरी हात दिसायला हवा. खिडकीतून, शेडमधून, टोमॅटोच्या वाफ्यातून, कुठूनही. हात दिसला की बाई गिअर टाकायच्या आणि म्हणायच्या, "आहे. चल."

सोमवार, बुधवार, शुक्रवार. आठवड्यातून तीनदा आमची टपालाची व्हॅन निघायची.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. गावात सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारत, पाच वर्षांची पोरंसुद्धा. माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. सत्तरीच्या बाईला नावाने कशी हाक मारणार? एकदा 'आंटी' म्हणून पाहिलं. "मी कुणाची आंटी नाही," म्हणाल्या. मग मी कसलीच हाक न मारता बोलायला शिकलो. मनात मात्र बाई म्हणायचो, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. शाळा मी नववीत सोडलेली. त्यामुळे माझ्या वाट्याला आलेल्या शेवटच्या बाई म्हणजे याच.

माझी बायको सुजाता नर्स. तिच्या व्हिसाच्या शेपटाला धरून मी इथं आलो. पुण्याला गॅरेजमध्ये होतो. आधी तीन महिने आम्ही सिडनीत, गिरावीनला एका मित्राच्या मागच्या खोलीत काढले. तिथं रस्त्यावर मराठी कानावर पडायचं, पण ज्याला त्याला विचारावं तर कुणी आयटीत, कुणी इंजिनिअर. "तू काय करतोस?" असं कुणी विचारलं की मी चहा ओतायला उठायचो. मग सुजाताला दक्षिणेकडच्या या शायरमधल्या छोट्या हॉस्पिटलात नोकरी लागली. शायर म्हणजे आपला तालुकाच, फक्त पसारा जिल्ह्याएवढा आणि माणसं एखाद्या वाडीएवढी. सिडनीपासून सहा तास. गहू, मेंढ्या, धान्याचा एक उंच सायलो, आणि नकाशात निळी दिसणारी पण वर्षातले दहा महिने कोरडी असणारी नदी. पोस्टाच्या दुकानात बायकोचं पार्सल आणायला गेलो तेव्हा खिडकीवर चिठ्ठी दिसली, टपालाच्या फेरीवर मदतनीस हवा. फेरी बाईंची; त्यांचा डावा खांदा ऑपरेशननंतर वर जात नव्हता. गाडी त्या चालवू शकत होत्या, पण डावीकडच्या खिडकीतून पेट्यांत पत्रं टाकायला दुसरा हात हवा होता.

मी आधीच सांगून टाकलं, "मी नववी नापास आहे. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दुधाचा कॅन आणि वॉशिंग मशीन यातला फरक कळतो का?"

"हो."

"मग झालं. सोमवारी सातला ये."

या प्रश्नाचा अर्थ फेरीवर कळला. इथं घर रस्त्यापासून शे-दोनशे मीटर आत असतं आणि पेटी रस्त्याला, फाटकाशी. ती ज्याची त्याने करायची. कुणाचा जुना दुधाचा कॅन आडवा ठोकलेला, कुणाचं मोडकं वॉशिंग मशीन, कुणाचा मायक्रोवेव्ह, एकाने तर ट्रॅक्टरच्या इंजिनाला दार बसवलेलं. अठ्ठावन्न पेट्या, एकशे चाळीस किलोमीटर. बाई सकाळी पत्रं त्याच क्रमाने लावून देत. "पत्ते बदलतात, माणसं बदलतात," त्या म्हणायच्या, "पेटी जागची हलत नाही. आधी पेट्या पाठ कर, अक्षरं नंतर." अक्षरंही आलीच. म्हाताऱ्यांची वळणदार, एकमेकांत गुंतलेली अक्षरं मी आज गिरणीच्या पाटीसारखी वाचतो. हे कुणामुळे, ते मला ठाऊक आहे.

या अठ्ठावन्नांत सात घरं एकट्या माणसांची. हॉर्न फक्त त्यांच्यासाठी. हात दिसला नाही तर व्हॅन थांबवायची, फाटक उघडायचं, आत जाऊन दार वाजवायचं.

पहिल्यांदा मला पाठवलं ते दुधाच्या कॅनवाल्याकडे. बुधवारचं टपाल शुक्रवारीही कॅनमध्ये तसंच होतं. मी खिडकीतच घुटमळलो. "झोपले असतील. रागावतील."

"रागावेल ना. रागावायला माणूस जिवंत लागतो. जा."

आजोबा मोज्यांवर बाहेर आले, मला अशा काही शिव्या दिल्या की त्यातल्या निम्म्या नव्याच होत्या. मी पळत परतलो. बाई स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसत होत्या. "छान. तब्येत उत्तम आहे त्याची."

तरी माझी भीड गेली नाही. दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या फाटकात पाय टाकताना मी आजही घुटमळतो. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

एकदा वरून पत्र आलं, की फेरी तीन दिवसांऐवजी दोनच दिवस करावी का. त्यावर गावाच्या हॉलमध्ये सभा भरली. भिंतीवर लढाईत गेलेल्या पोरांच्या नावांची पाटी, खाली चहाचं मोठं भांडं आणि घरोघरच्या केकच्या ताटल्या. कौन्सिलवाले बोलले, अग्निशमन दलाचा कॅप्टन बोलला, जो एरवी मेंढ्यांची लोकर कातरतो. बाई शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या. कुणी तरी म्हणालं, पत्रं येतात किती हल्ली? तेव्हा उठल्या.

"पत्रांचं सोडा. शुक्रवारी संध्याकाळी कुणी पडलं, तर सोमवारी मला कळतं. सोमवारची फेरी काढलीत तर बुधवारी कळेल. कोण पडणार आहे ते आत्ताच सांगा, म्हणजे त्याला तसं कळवते."

दुधाच्या कॅनवाले आजोबा मागून ओरडले, "मी पडणार नाही, पण तिचं बरोबर आहे!" सगळे हसले. फेरी तीन दिवसच राहिली.

दोन महिन्यांतून एकदा आम्ही सिडनीला जायचो, पेंडल हिलच्या दुकानातून पोहे, गूळ, डाळी भरून आणायचो. सुजाताने चिवडा केला की एक स्टीलचा डबा बाईंना. पहिल्या वेळी डब्यात डोकावून म्हणाल्या, "हे माणसांचं खाणं आहे की पोपटांचं?" दुपारी डबा रिकामा. मला परत देऊ लागल्या तेव्हा मी गमतीने म्हणालो, "आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत."

"मग काय घालायचं?"

"काहीही. चार दाणे साखर."

"कटकटीचे लोक आहात," म्हणाल्या, आणि डबा पुन्हा आपल्या पिशवीत टाकला.

त्यांचं घर फेरीच्या वाटेवरच होतं, वॉशिंग मशीन आणि मायक्रोवेव्ह यांच्या मध्ये. हिरवं फाटक, आत वळणावर गेलेली मातीची वाट, घरात त्या एकट्याच. फाटकाला पेटी नव्हती. आपलं टपाल त्या पोस्टातूनच उचलायच्या. मी एकदा म्हणालो, तुमचीच पेटी नाही? "टपालवालीला पेटी कशाला?" तिथून जाताना मी कधी आत गेलो नाही, त्यांनीही कधी बोलावलं नाही.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, जी सगळ्यांची विचारपूस करत फिरतात. त्यांची कोण करतं, हे मनात येतं का हो? माझ्या आलं नाही.

त्या सोमवारी सातला बाई आल्या नाहीत. साडेसातलाही नाहीत. फोन लागेना, पण त्यांच्या घरी सिग्नल एरवीही नसतोच. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "या आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे जाणार होती ना? आजच गेली असेल. नो वरीज, मेट, तू निघ." बदली ड्रायव्हर म्हणून माझं नाव कागदावर होतं. व्हॅन दुकानामागेच असायची. मी एकट्याने पत्रं लावली. बाईंचं वाक्य डोक्यात होतं, "टपाल थांबत नाही." उशीर झाला तर बोलणी खावी लागतील, एवढीच मला धास्ती.

गाडी चालवायची, मग वाकून डावीकडच्या खिडकीतून पत्र टाकायचं. पाठ मोडली, पण अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न पेट्या बरोबर. सातही घरांशी हॉर्न वाजवला, पाचापर्यंत मोजलं, सातही हात दिसले. हिरव्या फाटकाशी मी व्हॅन जराशी सावकाश केली. त्यांची जुनी गाडी वळणामुळे दिसत नव्हती. आत जावं का? वाटलं, घरीच असल्या तर म्हणतील, टपाल टाकून इथं कशाला आलास? नसल्या तर दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं होईल. तिथं पेटी नव्हती, थांबायला कारण नव्हतं. मी पुढे गेलो.

दुपारी घरी आलो तो तरंगतच. सुजाता ड्यूटीवरून येऊन बूट काढत होती. "एकट्याने केली आज सगळी फेरी! एकही चूक नाही."

"आणि त्या?"

मी सांगितलं. तिने बूट परत पायात घातला.

"दार वाजवलंस का?"

आम्ही गेलो तेव्हा ऊन अजून होतं. गाडी शेडमध्येच होती. बाई स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. सुजाता गुडघ्यांवर बसली, मानेला हात लावला, आणि मग तो हात तिथंच राहू दिला. मी उभा. टेबलावर आमचा स्टीलचा डबा होता, धुऊन पुसलेला, झाकण नीट लावलेलं. आत अंगणातली लिंबं होती, पानांसकट.

रात्रभर मी एकच विचारत राहिलो. सकाळी सातला त्या होत्या का? मी फाटकाशी व्हॅन हळू केली, तेव्हा होत्या का?

"नाही," सुजाता म्हणाली. "ते शनिवारीच झालं असणार. मी बघितलंय ना. तू गेला असतास तरी काही होणार नव्हतं."

सुजाता कधी खोटं बोलत नाही. पण हॉस्पिटलात नातेवाइकांशी ती कोणत्या आवाजात बोलते तेही मी ऐकलंय, आणि त्या रात्री तो आवाज होता. मी पुन्हा विचारलेलं नाही. लिंबांचं लोणचं घातलं. बरणी वरच्या फळीवर आहे, उघडायला हात होत नाही.

अंत्यविधीला हॉलमध्ये सगळं शायर जमलं होतं. मीच टपालवाला म्हणून मला पुढे बसवलं. कुणी एका शब्दाने विचारलं नाही, की तू त्याच रस्त्याने गेलास ना. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता फेरी माझ्याकडे आहे. अजून अधूनमधून त्यांच्या नावाचं काही येतं, बियाण्यांचं माहितीपत्रक, मतदानाची सूचना. टाकायला पेटी नाही. शिक्का मारून परत पाठवतो. दुधाच्या कॅनवाले आजोबा हल्ली हॉर्नची वाट बघत नाहीत. रस्त्याशी खुर्ची टाकून बसतात, व्हॅन दिसली की हात वर करतात आणि मी वर करेपर्यंत खाली घेत नाहीत.

हिरव्या फाटकाशी मी दोनदा हॉर्न वाजवतो. पाचापर्यंत मोजतो. हात दिसला नाही तर उतरायचं, असा नियम आहे. म्हणून उतरतो. वळणापलीकडे घरापर्यंत चालत जातो, दार वाजवतो, थोडा वेळ उभा राहतो आणि परत येऊन फाटकाची कडी लावतो.

पाच-सात मिनिटं जातात. टपाल तेवढं थांबतं.