दस्तगीरभाईंची यादी

दस्तगीरभाई दारावरची बेल वाजवत, खांद्यावरचा गॅसचा सिलिंडर खाली ठेवत आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजू लागत. दार उघडलं की मोजणं थांबे. आपल्याकडे ते बहुधा पंधराला थांबायचं. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला राग आला होता. मी म्हटलं, "उशीर झाला तर तसं सांगा, मोजता कशाला?" ते हसले. "तुम्हांसनी न्हाय मोजत, बाई. सवय हाय. कुणाच्या दारात किती थांबायचं ते ठाऊक असलं की माणूस वैतागत न्हाय."

मुलांनो, तुम्ही फोनवर विचारता की दर पावसाळ्यात आजीला पुराची भीती वाटत नाही का. वाटते. पंचगंगेकडे उतरणाऱ्या आपल्या भागात पूर पूर्वीही यायचा, पण पायरी-पायरीने यायचा. सामान हलवायला सवड मिळायची. आता महिन्याचा पाऊस चार दिवसांत पडतो. वरून राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी येते आणि धावपळ सुरू होते. म्हणून वॉर्डाच्या समितीने ठरवलं, की कुणाला किती धोका आहे ते पावसाळ्याआधीच पाहून ठेवायचं. बोट एकच, रुग्णवाहिका एकच. आधी कुणाला न्यायचं याची यादी हवी. मी निवृत्त शिक्षिका, अक्षर चांगलं, इंग्रजी येतं. फॉर्म माझ्याकडे आला.

मी तो मन लावून भरला. घर नदीपासून किती लांब, जोतं किती उंच, भिंती कच्च्या की पक्क्या, मजला कितवा. लाल, पिवळी आणि हिरवी अशा तीन याद्या केल्या आणि एवढ्या नेटक्या कामाबद्दल स्वतःवरच खूश झाले.

त्या दिवशी दस्तगीरभाई सिलिंडर घेऊन आले होते. चहा होईपर्यंत मी त्यांना यादी वाचून दाखवली. लाल यादीत पहिलं नाव काठावरच्या मान्यांचं होतं.

"माने?" ते म्हणाले. "त्येंच्यात चार तरणी पोरं हायत. नदी फुगायला लागली की म्हशी घेऊन सगळ्यांच्या आधी निघत्यात. त्येंला बोट कशाला? शिंदेकाका कुठं हायत?"

शिंदेकाका हिरव्या यादीत होते. पक्की इमारत, तिसरा मजला. मी म्हटलं, "तिथं पाणी कधीच पोचणार नाही."

"पाणी न्हाय पोचणार, पर लाईट जाणार की! काकांच्या नाकातली नळी कशावर चालती? काकूंचं गुडघं गेल्यात. त्या दारात मी नव्वदपातूर मोजतोय, बाई."

"पण फॉर्ममध्ये आजारपणाला रकानाच नाही."

"रकाना न्हाय म्हणून माणूस न्हाय व्हय?"

मला ते लागलं. नियम म्हणजे नियम, असं काहीतरी मी फटकन बोलले. ते चहा न घेताच गेले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच शिंद्यांकडे गेले. बेल दाबली आणि मोजत उभी राहिले. साठ झाले, सत्तर झाले. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, मग काकूंची हाक: "आले, आले, जाऊ नका!" दार उघडलं तेव्हा काकू भिंतीला धरून उभ्या होत्या. "ह्यांची नळी निसटली होती," त्या म्हणाल्या. ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर बाहेरपर्यंत येत होती. मी नाव वर घ्यायचं म्हटलं तर त्याच रागावल्या. "आम्ही तिसऱ्या मजल्यावर. खालच्यांना न्या की आधी!"

घरी येऊन मी सगळी यादी नव्याने लिहिली. रोज कोण घरी असतं, कोण आजारी, विजेवर काय चालतं, हाक मारली तर कोण धावेल, असे रकाने पट्टीने आखले. दस्तगीरभाईंना पुन्हा चहाला बोलावलं, आणि प्रत्येक घराची माहिती त्यांनीच पुरवली. शेवटचा रकाना होता, 'दार उघडायला लागणारा वेळ'. समितीतले एक साहेब तो वाचून हसले. मी त्यांना हसू दिलं.

त्या पावसाळ्यात पाणी चढू लागलं त्या सकाळी पहिली रुग्णवाहिका शिंद्यांच्या दारात उभी राहिली. दस्तगीरभाई आणि आणखी दोघांनी काकांना खुर्चीत बसवून जिना उतरवला. माने आदल्या दिवशीच म्हशींसकट गेले होते. दुपारी गल्लीतली वीज बंद केली, ती पाच दिवस आली नाही. तोवर काका दवाखान्यात सुखरूप होते.

परत आल्यावर काकूंनी दस्तगीरभाईंना फैलावर घेतलं. "आमच्या घरात थेंब आला नाही. उगाच नेलंत!"

"व्हय काकू, चुकलंच आमचं," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

तेव्हा त्यांच्या अंगात दोन मापांनी मोठा सदरा होता. मी विचारलं, कुणाचा? "मेव्हण्याचा. आमचं समदं भिजलं न्हवं." बायकोला त्यांनी आजऱ्याला लेकीकडे आधीच पोचवलं होतं, पण ते काकांची खुर्ची उतरवत होते त्या सकाळीच त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, आणि पुढे ते पत्र्यापर्यंत चढलं. मी विचारलं, "बोलला का नाहीत?"

"आमची गल्ली तुमच्या वॉर्डात येत न्हाय, बाई."

मी फाइल आणि पेन घेतलं आणि म्हटलं, "चला, दाखवा."

आपल्या घरापासून ती गल्ली जेमतेम दहा मिनिटांवर, पण इतक्या वर्षांत मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. भिंतींवर गाळाची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती. पहिल्याच दारात एक बाई चिखल उपसत होती. माझ्या हातातली फाइल बघून तिने फावडं थांबवलं.

"आजवर कोण आलं न्हाय. आता कशाला लिवून घेताय?"

"उशीर झालाय खरा," दस्तगीरभाई म्हणाले. "पर बाई चालत आल्यात. आधी बसायला कायतरी दे, मग भांड."