लंडनला कळवलं होतं

मीटिंग या प्रकाराची मला शिसारी आहे, हे आधीच सांगून टाकते. आइंडहोवनमध्ये चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या टेस्टिंगमध्ये इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार? यंत्र लाल दिवा लावून बोंबलत असतं आणि गोल बसलेली शहाणी माणसं ठरवतात, की दिवा तसा फारसा लाल नाही. ऑफिसात हे मी पोटासाठी सहन करते. गल्लीतल्या एका पाटीसाठीही तेच सहन करावं लागेल असं वाटलं नव्हतं.

पाटी होती शेजारच्या ओमांच्या वडिलांची. ओमा म्हणजे डच आजी. माझी मुलगी त्यांना ओमा म्हणते, म्हणून मीही. वयाची ऐंशी कधीच ओलांडलेली, ताठ पाठीची, अजून सायकलवर बटाटे आणणारी बाई. आमच्या दोघींच्या बागांमध्ये एक बुटकं कुंपण आहे आणि आमचं सगळं बोलणं त्या कुंपणावर होतं. माझं डच अडखळतं, त्यांना घाई नसते.

त्यांचे वडील याच गल्लीत वाढले. जर्मनांनी देश ताब्यात घेतल्यावर ते निसटून इंग्लंडला गेले, तेव्हा ओमा आईच्या पोटात होत्या. लंडनने त्यांना वायरलेस शिकवला आणि पॅराशूटने परत इथे उतरवलं. इथल्या भूमिगतांनी काम करायचं, लंडनने माणसं आणि शस्त्रं पाठवायची, असं दोस्त राष्ट्रांचं ठरलेलं. काही दिवसांतच ते वायरलेससकट पकडले गेले. जर्मनांनी त्यांना, जणू काही झालंच नाही अशा थाटात, लंडनला संदेश पाठवत राहायला लावलं.

आणि नेमकं याच प्रसंगासाठी प्रत्येकाला एक खूण दिलेली असे. मोकळा असशील तोवर ती प्रत्येक संदेशात घालायची. पकडला गेलास तर गाळायची. बाकी मजकूर जर्मन सांगतील तो, पण खूण नसली की लंडनने समजायचं, आपला माणूस गेला. ओमांच्या वडिलांनी खूण गाळली. पुन्हा गाळली. गाळतच राहिले, मानगुटीवर जर्मन बसलेला असताना. लंडनमध्ये कोणाच्या तरी लक्षात आलं की खूण नाही. विसरला असेल, असं ठरलं. मग पुढची माणसं पाठवली. ती पॅराशूटने उतरली ती थेट जर्मनांच्या हातात. बहुतेक सगळे छळछावणीत मारले गेले, ओमांचे वडीलही.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमचं ऑफिस आठवलं. लाल दिवा लागला होता. खुर्चीवर बसलेल्या कोणीतरी तो पाहिला आणि ‘चालतंय’ म्हणून पुढचं विमान सोडलं.

पण ओमांच्या घशात अडकलेला काटा वेगळाच होता. युद्ध संपल्यावर गल्लीला एवढंच कळलं, की त्यांच्या वडिलांच्या वायरलेसवर जर्मनांचे संदेश गेले आणि त्या संदेशांवर विसंबून इतर पोरं येऊन मेली. खुणेची गोष्ट पुढे चौकशीत बाहेर आली, पुस्तकांत छापलीही गेली. पण गल्ली कुठे पुस्तकं वाचते? शाळेत ओमांच्या बाकावर कोणी बसत नसे. त्यांच्या आईने पाव घ्यायचं दुकान बदललं, मग दुसरंही बदललं. “अजूनही,” ओमा म्हणाल्या, “मी बेकरीत शिरले की दोन म्हातारे बोलायचे थांबतात.”

तर आमच्या वस्तीच्या समितीने ठरवलं, की चार मेच्या, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी या वडिलांच्या नावाची पाटी त्यांच्या जुन्या घराच्या भिंतीवर बसवायची. समितीत मी होते, कारण त्यांना एक परदेशी चेहरा हवा होता. हे त्यांनी मला तोंडावर, हसतमुखाने सांगितलं होतं. ओमांनी पाटीसाठी एकच वाक्य मागितलं: ‘आपण पकडले गेलो आहोत हे त्यांनी लंडनला कळवलं होतं, लंडनने ऐकलं नाही.’

अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. आवाज लोण्यासारखा. त्यांनी वाक्य वाचलं आणि म्हणाले, “सुंदर. आता सगळ्यांचं मत घेऊ या.”

मत घेणं हा इथला कुळाचार आहे. कोणी कोणाला नाही म्हणत नाही. प्रत्येक जण थोडं थोडं कुरतडतो. एक बाई म्हणाल्या, ‘ऐकलं नाही’ हे जरा कठोर वाटतं. मग ‘लंडनला कळू शकलं असतं’ असं झालं. दुसऱ्या मीटिंगला ‘काही इशारे मिळत होते’ झालं. कोणाचे, कोणाला, ते गळालं. एक टक्कल पडलेले सभासद सहज बोलून गेले, “पण शेवटी त्यांच्याच वायरलेसवर ती पोरं आली ना?” आणि बाकीच्यांनी कॉफीत बघितलं. मी म्हटलं, त्याचसाठी तर ते वाक्य हवंय! अध्यक्षांनी माझ्याकडे असं प्रेमाने पाहिलं, जसं लहान मूल पाहुण्यांसमोर हट्ट करतं तेव्हा बघतात.

“समारंभाला लंडनहून एक पाहुणे येणार आहेत,” ते म्हणाले. “निवृत्त लष्करी अधिकारी. त्यांना आपल्या दारात बोलावून अवघडल्यासारखं करायचं का?”

शेवटी पाटीवर आलं: ‘अत्यंत कठीण परिस्थितीत दोस्तांच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या वीराच्या स्मरणार्थ.’ एकमताने. त्यानंतर पाटीचे स्क्रू पितळी हवेत की स्टीलचे, यावर मात्र सणसणीत वाद झाला. मजकुराच्या विरोधात मी हात वर केला होता. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढंच आलं.

घरी येऊन नवऱ्यासमोर थयथयाट केला. तो लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला, “अगं, त्या कमिटीत आपण एकटे देशी. जरा लो प्रोफाइल ठेव ना. त्यांचं युद्ध, त्यांची पाटी.” त्या संध्याकाळी मला त्याचाही वीट आला.

कुंपणावर ओमांना नवीन मजकूर वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, “म्हणजे खांद्याला खांदा लावून पोरांना मारलं, असंच ना बेकरीत म्हणणार?” नका येऊ समारंभाला, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “वडिलांचं नाव लागतंय. मी येणार.”

चार मेला लख्ख ऊन होतं. गल्लीत खुर्च्या मांडलेल्या, भिंतीवरच्या पाटीवर निळं कापड. सगळी गल्ली आली होती, बेकरीतले दोन म्हातारेसुद्धा. लंडनचे पाहुणे उंच, काठी टेकत चालणारे, पहिल्या रांगेत बसले. अध्यक्षांनी भाषणात दोस्तीच्या इतक्या आरत्या ओवाळल्या की निरांजन तेवढं आणायचं राहिलं होतं. मग त्यांनी दोरी ओढली, कापड खाली पडलं, टाळ्या झाल्या. “आता वीरकन्या दोन शब्द बोलतील.” ओमांनी फक्त आभार मानायचे, असं त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन समजावलेलं होतं.

ओमा पाटीशेजारी उभ्या राहिल्या. कागद नव्हता. डचमध्ये, सावकाश म्हणाल्या, “माझ्या वडिलांना खूण दिली होती. पकडले गेल्यावर त्यांनी ती गाळली, जशी गाळायला शिकवली होती तशी. लंडनने ते पाहिलं आणि तरी माणसं पाठवली. ती पोरं माझ्या वडिलांनी मारली नाहीत. हे इथे लिहायचं नसेल, तर त्यांचं नावही नको.”

पाहुण्यांनी अध्यक्षांकडे वळून इंग्रजीत विचारलं, काय म्हणाल्या त्या? अध्यक्ष क्षणभरही चाचरले नाहीत. त्याच लोणकढ्या आवाजात इंग्रजीत म्हणाले, “त्या फार भारावल्यात. तुम्ही आलात म्हणून आभार मानतायत.”

इथे सगळ्यांना इंग्रजी येतं. बेकरीतल्या म्हाताऱ्यांनाही येतं. सगळ्यांनी ते खोटं ऐकलं, आणि अळीमिळी गुपचिळी. इतकी किळस मला कुठल्याही माणसाची आली नसेल, जितकी त्या क्षणी त्या सगळ्या नीटनेटक्या, सभ्य चेहऱ्यांची आली. नवरा माझी बाही ओढत होता. मी उठले आणि ओमांचं बोलणं शब्दन् शब्द इंग्रजीत पाहुण्यांना सांगितलं. माझा आवाज चिरका झाला होता, होऊ दे.

पाहुण्यांनी ऐकून घेतलं. मग काठीवर भार देऊन उभे राहिले. “हो, हे खरं आहे,” ते म्हणाले. “आमच्याकडे हे कधीचं छापून आलंय. माझ्या नोकरीत आम्हाला हे शिकवायचे, काय करू नये म्हणून. मला वाटलं, पाटीवर तेच असेल.” ते पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, “तुम्ही का नाही लिहिलं?”

म्हणजे अवघडणारं कोणी नव्हतंच. लंडनला लाज लपवायची नव्हती. लपवत होती ती ही गल्ली, निर्दोष घराला वाळीत टाकल्याची स्वतःची लाज, आणि ओमांनी आयुष्यभर तिची किंमत मोजली होती. अध्यक्षांचे कान लाल झाले. घसा खाकरून ते म्हणाले, “हा मुद्दा पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांच्या मताने…”

ओमा त्यांच्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. गुडघ्यावर हात टेकून त्या वाकल्या, जमिनीवर पडलेलं निळं कापड उचललं, दोनदा झटकलं आणि पाटीवर टाकायला लागल्या. कापड अडकवायच्या वरच्या खिळ्यापर्यंत त्यांचा हात पोचेना.

“ते टोक धर,” त्या मला म्हणाल्या.

मी धरलं.