गल्लीचा नंबर

नावापेक्षा नंबराने जास्त ओळखला जाणारा माणूस अख्ख्या भिवंडीत एकच झाला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. काकांचं नाव गल्लीत निम्म्या लोकांना ठाऊक नसेल. नंबर मात्र पोराबाळांना तोंडपाठ होता. रेशन कार्डाला, गॅसला, बँकेच्या खात्याला, दवाखान्याच्या केसपेपरला, सगळीकडे काकांचाच. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांनी 'तूर्तास काकांचा देऊ' म्हणून तो दिला होता, आणि ते तूर्तास कधी संपलंच नाही.

काकांचं आयुष्य कापड विणायच्या लूमवर गेलं. तिथल्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचंच, आणि लूम सुटला तरी ती सवय सुटली नाही. कुणाचा ओटीपी आला की ते उंबऱ्यात उभे राहून गल्लीला वाचून दाखवत. हा आकडा कुणाला सांगायचा नसतो, असं मी एकदा त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कुणाला म्हंजे परक्याला," ते म्हणाले. "ही गल्ली काय परकी हाय?" एकदा दोन घरांच्या सिलिंडरचे आकडे त्यांनी उलटसुलट ओरडले, आणि डिलिव्हरीवाला दोन्ही सिलिंडर मध्ये ठेवून हटून बसला. काकांनी त्याला चहा पाजला. "दोनो में गॅस एकही है ना भाई? फिर?" चहा संपवून त्या बिचाऱ्याने दोन्ही घरी एकेक सिलिंडर उतरवला.

घरात रेंज फक्त उंबऱ्याशी यायची, म्हणून काका उंबऱ्यातच राहत. जेवण तिथे, दाढी तिथे, दुपारची डुलकीही तिथेच. आत जाणाऱ्याने त्यांना ओलांडून जायचं. ते अंघोळीला गेले की फोन दुधाच्या पिशवीत घालून खिडकीच्या गजाला टांगलेला असे, आणि मावशी पहाऱ्याला. तिचं माहेर दिघाशीचं. भावाच्या घरात रेंज नव्हती, त्यामुळे काका सासुरवाडीला कधी वस्तीला राहिले नाहीत. मावशी आल्यागेल्याला सांगायची, "माझ्या माहेराला रेंज न्हाय, म्हणून माझ्या माहेराला जावई न्हाय."

ठाण्याच्या एका नातेवाइकाने लग्नाच्या पंगतीत त्यांना टोमणा मारला होता, "घरात धड चार भांडी नाहीत, आणि फोन मात्र छातीशी." काका हसले. "भांड्यात काय पडायचं ते ह्याच्यावरच कळतं," एवढंच म्हणाले. ती थट्टा नव्हती. शेजारची सुमन पूर्णा गावातल्या एका गोदामात रोजावर पॅकिंगला जाई. किती बाया लागतील ते मुकादम सकाळी फोन करून सांगे; फोन उचलला नाही की तो पुढच्या बाईला लावी. काका अर्धी दाढी साबणात ठेवून, "धरा, बोलवतो," म्हणत तिच्या दाराशी पोचत. नवरा सोडून गेल्यावर दोन मुली तिने त्या 'धरा, बोलवतो'वर वाढवल्या.

काका गेले तेही उंबऱ्यातच, पहाटे, भिंतीला टेकून. सकाळी आम्ही सगळे जमलो. त्यांना आत निजवलं होतं, आणि फोन सवयीने कुणीतरी गजाला अडकवला होता. तो वाजू लागला. कुणाचा असणार हे सगळ्यांना कळलं. सुमन मावशीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. तिने मान खाली घातली.

"बंद करा तो," एक वडीलधारे म्हणाले. "मयताचं घर हाय."

मावशी उठली. पिशवीतून फोन काढून तिने कानाला लावला. "धरा, बोलवते." मग आत वळून म्हणाली, "सुमन, तुझा फोन हाय."

"आज न्हाय जात मी, मावशी."

"आज न्हाय म्हणालीस तर उद्या त्याला दुसरी गावंल." मावशीचा आवाज जराही चढला नव्हता. "ह्यांनी तुझा एक फोन वाया जाऊ दिला न्हाय. आज ह्यांच्यासमोर जाऊ देऊ व्हय?"

सुमनने फोन घेतला, येते म्हणून सांगितलं, काकांच्या पायांना हात लावला आणि डोळे पुसत गेली.

दिवसकार्य झाल्यावर मी त्या फोनमध्ये काकांचा एखादा फोटो शोधला. गल्लीतल्या सगळ्यांच्या कागदांचे फोटो होते, बारशांचे होते, कुणाच्या एक्स-रेचाही होता. काढणारे तेच, त्यांचा एकही नव्हता. त्यांचा आवाजही कुठे राहिलेला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच दिवशी दिघाशीचा भाऊ मावशीला न्यायला आला. एकटी इथे काय करणार, चल म्हणाला. मावशी उंबऱ्यात बसली होती, फोन मांडीवर.

"कशी येऊ रे," ती म्हणाली. "तुझ्याकडं रेंज न्हाय."

तो काही बोलणार, इतक्यात फोनवर ओटीपी आला. मावशीने तो डोळ्यांजवळ नेला आणि गल्लीकडे तोंड करून एकेक आकडा म्हणू लागली. तिचा आवाज लूमवरचा नाही. समोरच्या दारापर्यंतही तो नीट पोचेना. मग बायका एकेक करून बाहेर आल्या, नळ बंद झाले, आणि तेवढ्यापुरती सगळी गल्ली गप्प उभी राहिली, तिचं ऐकू यावं म्हणून.