कॉईल धरायची राहिली

भाताची बादली घेऊन वाढपी दोन पंगतींच्या मध्ये अडकला होता. चूक माझी होती. औरादला धाकट्या बहिणीचा साखरपुडा, आणि घरात इंजिनिअर म्हणून पंगती आखायचं काम माझ्याकडे. मी टेप लावून पत्रावळीची ओळ न् ओळ सारख्या अंतरावर मांडली. माणसं बसली, पाठीला पाठ भिडली, सगळ्यांनी पत्रावळी पुढं सरकवल्या, वाढप्याची वाटच गेली.

थोरले अण्णा म्हणाले, "पत्रावळीला जागा ठेवलास, माणसाला कामून न्हाई ठेवलास रे?"

सगळे हसले. रजेवर आल्यापासून माझ्या ड्रॉइंगमधलं काहीतरी टोचत होतं, ते हेच.

आमच्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या मशीनमध्ये, एकाच पाईपमधून कमी आणि जास्त एनर्जीचे दोन बीम, म्हणजे कणांचे झोत, येत. मॅग्नेट कमीवाल्याला जास्त वळवतो, जास्तवाल्याला कमी. अशा दोघांच्या वाटा फुटतात. आता मशीनची एनर्जी वाढवायची होती. एनर्जी वाढली की दोन्ही बीम कमी वळतात, मधली फट अरुंद होते. त्या फटीत बसणारा नवा मॅग्नेट माझं डिझाईन. मी ऐटीत सही करून आलो होतो, आणि आज सकाळपासून वर्कशॉपवाले त्याचं लोखंड कापायला घेणार होते.

न जेवताच बॅगेतलं ड्रॉइंग काढलं. लोखंडाला जागा होती. त्याच्याभोवती तांब्याची कॉईल गुंडाळतात, ती मी धरलीच नव्हती. ती शेजारच्या बीमच्या पाईपमध्ये दोन बोटं घुसत होती.

नव्या धोतरातच पोस्टात पळालो. ट्रंक कॉल लावला. पोस्टमास्तरांनी विचारलं, व्याही रुसले का? म्हटलं, न्हाई, मॅग्नेट रुसलाय. तासभर मी बाकावर बसत होतो, उठत होतो, पुन्हा बसत होतो.

"सर, लोखंड कापू नका. कॉईल मावत नाही."

खरखरीतून आमचे साहेब म्हणाले, "हे जेवताना सुचलं?"

"जेवायच्या आधी, सर."

"लोखंडाची एक प्लेट कापून झालीय."

बाकीच्या वाचल्या. मॅग्नेट पुढं सरकवला, जिथं वाटा जास्त फाकतात तिथं. त्या बाजूची कॉईल पातळ केली. बीम बिनबोभाट गेला.

कापलेली प्लेट साहेबांनी विटांवर ठेवून माझ्या टेबलाशेजारी बाक करवला. नवीन इंजिनिअर आला की त्याला तिथं बसवायचे आणि बाकाची गोष्ट मलाच सांगायला लावायचे. मी थोडक्यात आटपायचो: कागदावरची रेघ बारीक असते, बसवायची वस्तू जाड असते, आणि सही करणाऱ्याचं डोकं त्याहून.