समुद्राच्या रिळासाठी सोलापूर

देवगडच्या स्टँडवर सकाळच्या कोल्हापूर गाडीत बसलो तेव्हा ओळखीच्या वाहकाने माझ्या हातातल्या काठीकडे पाहून विचारले, "गुरुजी, गरी (गळ) घेवन घाटार खंय?"

"सोलापूरला. रीळ घ्यायला."

त्याने तिकीट फाडले आणि पुढचा प्रश्न गिळला. निवृत्त मुख्याध्यापकाला अजूनही एवढा मान आहे.

कारण असे घडले होते. महिन्यापूर्वी कातळावरून जिवंत बोईट, म्हणजे छोटा मासा, आमिषाला लावून मी गरवत (गळ टाकून मासे धरत) होतो. एका दांडग्या तांबोशीने आमिष गिळले, झटका दिला आणि दोर तोडून गेली. काठीवरचे दोर गुंडाळायचे रीळ सदोष आहे, असे मी गावभर सांगितले. बनवणाऱ्यांना तीन पानी तक्रारही लिहिली. त्याच सुमारास मोबाईलवर 'जिवंत आमिषासाठी समुद्री रीळ कसे निवडावे' हा व्हिडिओ दिसला. सांगणारे सोलापूरचे अंबादास. आमच्या किनाऱ्यावर त्यांचे व्हिडिओ पाठ असलेली माणसे आहेत. समुद्राची माहिती घाटावरून मागवण्याइतकी प्रगती आम्ही केली आहे.

कोल्हापूरला गाडी बदलली. सांगोल्याला डाळिंबे घ्यायला उतरलो, तर शेजारी उभ्या असलेल्या एका मेंढपाळाने माझ्या काठीला हात लावून पाहिला.

"ह्ये कशाला म्हनायचं?"

"मासे धरायला."

"लई ब्येस," तो म्हणाला. "पानी संगं आनलंय न्हवं?"

सोलापुरात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. यंत्रमागांची खटखट चाललेल्या एका गल्लीत 'समुद्री रीळ सल्ला केंद्र' अशी पाटी दिसली. खाली बारीक अक्षरात 'शिलाई मशीन दुरुस्त करून मिळेल.' अंबादास पन्नाशीचे, बनियनवर, हात तेलकट. तीस वर्षे यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारा) होते. आत बायकोशी तेलुगूत दोन शब्द बोलले आणि माझ्यापुढे कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही आले. चटणीने डोळ्यांत पाणी आणले. मी ते प्रवासाच्या थकव्यावर ढकलले.

जेवण होताच तांबोशीची हकीकत सांगून मी म्हणालो, "तुमच्याकडचं सगळ्यात भारी रीळ दाखवा."

"दाखवतो की. आदी मासा कसा गेला ते दाखवा."

"इथे कसा दाखवू?"

त्यांनी माझ्या दोराचे टोक गल्लीत बांधलेल्या शेळीच्या गळपट्ट्याला अडकवले आणि तिचे दावे सोडले. "धरा. तितं लावता तसंच रीळ लावा."

मी नेहमीप्रमाणे रिळाची दोर रोखणारी पुढची चकती करकचून आवळली. अंबादासांनी लांबून पाला दाखवला. शेळी उधळली, काठी वाकली, दोर कडाडून तुटला आणि मी गल्लीच्या मध्यभागी बसलो. समोरच्या दारातून एक बाई ओरडल्या, "अंबादासभाई, मेरी बकरी कू फिर बांदे क्या?"

"शेवटचं, आपा!" अंबादास म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "अशीच गेली न्हवं तांबोशी?"

मी उठून धोतर झटकले. ते माझ्या रिळाकडे निरखून पाहत होते.

"गुरुजी, ह्या मागल्या कळीवर चिकटपट्टी कुणी मारली?"

"मीच. ती कळ सारखी हलायची, दोर सैल सुटायचा."

"सुटायसाठीच हाय की ती!" त्यांनी कपाळावर हात मारला. "जित्या आमिषाला दोन लगाम लागतात. ही कळ लावली की आमिष मोकळं पोवतं. मासा घेऊन पळाला तर दोर नुसता जातो, त्याला ओढ कळत न्हाय. मग तुमी मूठ फिरवली की कळ आपसूक पडती आन् फुडला लगाम लागतो. मागावर सूत असंच ढिलं सोडून धरावं लागतंय. नुसतं आवळलं की तुटलं."

महिनाभर गावाला जे व्याख्यान देत होतो, ते आठवून कान गरम झाले.

"मग नवीन कुठलं घेऊ?"

"न्हाय देणार. हेच बेस हाय." त्यांनी रीळ उघडले. आतल्या दात्यांवर मिठाचा थर होता. नळाला पाणी चार दिवसांनी येणाऱ्या त्या घरात त्यांनी पिंपातून तांब्याभर पाणी मोजून घेतले आणि माझे रीळ धुतले. माझ्या अंगणात वर्षभर भरलेली विहीर आहे. मी ते कधीच धुतले नव्हते.

निघताना विचारले, "समुद्रावर कुठे शिकलात हे?"

"समुद्र कुटं बगितलाय मी?" ते सहज म्हणाले.

परत आल्यावर चौथ्या दिवशी, ओहोटीला, कातळावर गेलो. बोईट मोकळे पोहू दिले. दोर आधी हळू, मग सरसरत निघाला. दहापर्यंत मोजले आणि मूठ फिरवली. अर्ध्या तासाने तांबोशी कातळावर होती. जमलेल्यांनी विचारले, "सोलापूरचं रीळ?" एक क्षण 'हो' म्हणावेसे वाटले. मग चिकटपट्टीची सगळी हकीकत सांगितली. हसणे थांबेपर्यंत भरती सुरू झाली.

अंबादासांना फोनवर मासा दाखवला. त्यांनी मान डोलावली. "आता जरा पानी दाखवा की."

मी फोन समुद्राकडे फिरवला. त्यांच्या मागे मागांची खटखट ऐकू येत होती.

"गुरुजी, ह्यो एक काठ झाला," ते म्हणाले. "दुसरा कुटं हाय?"

मी साठ वर्षे इथेच राहतो; दुसरा काठ कधी शोधला नव्हता. फोन तसाच धरून मीही बघत राहिलो.